काडतूस कोणाचं?

माझ्या मामावर अन्याय झाला तो पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठच्या सुमारास, गावच्या पारापाशी. अन्याय करणारे एक, ऐकून हसणारे तीस-चाळीस, आणि त्या वेळी मलकापूरला छापखान्यात खिळे जुळवत बसलेला मी. माझा नंबर शेवटचा असला तरी लागतो. का लागतो ते पुढं येईलच.

मी पत्रकं लिहितो. विहिरीचं, रेशनच्या दुकानाचं, शाळेच्या गळक्या छपराचं. पत्रकात पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला ते सांगायचं आणि दुसऱ्या ओळीत कोणी केला ते, कारण तिसरी ओळ कोणी वाचत नाही, असं मला शिकवलेलं आहे. इथं जागा जास्त आहे म्हणून सावकाश सांगतो. शिवाय ही हकीकत रागाची असली तरी ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, आणि तेही मला सांगायचं आहे.

मामाचं गाव वरवट बकालपासून बैलगाडीनं दीड-दोन तासांवर. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि इकडं सपाट काळी जमीन. नवं राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. हरणं इतकी होती की सकाळी शेतावर गेलं तर कळप दिसला का असं कोणी विचारत नसे, कुठल्या शेतात बसलाय एवढंच विचारत. मूग, ज्वारी, हरभरा, जे हिरवं असेल ते त्यांचं. शहरातली माणसं मला विचारतात, बिचाऱ्या हरणांना मारायचं कशाला? त्यांनी एकदा कळप उठून गेलेलं मुगाचं शेत पाहावं आणि मग त्या शेताच्या मालकिणीसमोर 'बिचारं' हा शब्द उच्चारून दाखवावा.

गावात परवान्याच्या बंदुका दोन. एक पाटलांची दुनळी. पाटील म्हणजे पाटीलकी गेलेले पाटील. वतन गेलं, ऐट राहिली. दुसरी मामाची एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. त्या परवान्यासाठी मामानं बुलढाण्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या ते तो सांगायचा नाही. घाट चढताना एस. टी. कुठं कुठं तापून थांबते ते मात्र त्याला पाठ होतं.

खरा फरक बंदुकांत नव्हता, काडतुसांत होता. पाटलांची काडतुसं विलायती. गुळगुळीत, चकचकीत, लाकडी पेटीत ओळीनं मांडलेली. पाहुणे आले की पाटील ती पेटी पानसुपारीच्या तबकासारखी फिरवायचे. मामाची काडतुसं सरकारी कारखान्यातली, दुकानात मिळणारी सगळ्यांत साधी. जाड कागदाची तांबूस नळी, बुडाला पितळेची टोपी, तोंडाच्या गोल चकतीवर दोन इंग्रजी अक्षरं, आत हरभऱ्याएवढे मोजके छर्रे. गाव त्यांना नुसतं 'सरकारी' म्हणायचं. कंट्रोलच्या गव्हाला आणि दवाखान्यातल्या लाल औषधाला ज्या सुरात म्हणायचं, त्याच सुरात.

शिकारीच्या वाटपाची आमच्याकडं एक रीत होती. हाका घालणाऱ्यांना सारखे वाटे, बंदुकीला एक जास्तीचा वाटा, आणि ज्याच्या काडतुसानं जनावर पडलं त्याला वेगळा 'काडतुसाचा वाटा'. बंदूक एकाची आणि काडतूस दुसऱ्याचं असं कधी कधी व्हायचं, म्हणून हा वाटा वेगळा. वाटे घालायचं काम बौद्धवाड्यातल्या एका म्हाताऱ्याकडं होतं. सगळे त्यांना आजा म्हणायचे. धर्मांतर झाल्यावर आजांनी गावाला स्वच्छ सांगितलं होतं, "वाटे घालीन, पन माहा वाटाबी बरोबरीचा. उरलंसुरलं आता घरी नेनार नाई." गावानं दोन-तीन महिने कुरकुर केली आणि मानलं, कारण इतके सारखे वाटे दुसऱ्या कोणाला घालताच येत नव्हते. पहिला तुकडा उचलण्याआधी आजा मोठ्यानं विचारायचे, "काडतूस कोनाचं?" आणि समोर मटण असताना, पंधरा-वीस भुकेल्या माणसांदेखत, त्या प्रश्नाला कोणी खोटं उत्तर देत नसे. निदान मी ऐकलं नाही.

आता ते पोळ्याचे दिवस. श्रावण संपलेला, महिनाभर गावानं मटणाचं तोंड पाहिलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हाका ठरला. नाल्याच्या काठानं माणसं ओरडत निघाली आणि पुढं दोन बंदुका बसल्या. पाटील बाभळीखाली, मामा पलीकडच्या बांधाआड. कळप दोघांच्या फार लांबून, पडीतून निघाला. दोन बार ऐकू आले. एक काळवीट गुडघ्यांवर बसला, उठला आणि नाल्यात दिसेनासा झाला. दुपारपर्यंत शोधला, सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिधाडांनी जागा दाखवली. अर्धा खाल्लेला. त्याचे वाटे कोण घालणार? म्हणून आजांनी विचारायचा प्रश्न त्या दिवशी विचारलाच गेला नाही.

पारापाशी माणसं जमली होती. पाटील म्हणाले, "सरकारी काडतूस मारते थोडंच. जखमी करून सोडून देते. आपला हा भाऊ बी आता जखम्याच झाला म्हना."

मामा म्हणाला, "म्या बार काढलाच नाई, पाटील. लय लांब होतं."

"मंग दुसरा बार कोनाचा? बंदूक झोपीत बोलली काय?"

हशा पिकला. मामानं बंडीच्या खिशातून न उडालेलं काडतूस काढून तळहातावर धरलं. पाटील म्हणाले, "खिशात दुसरं असतेच न बे." आणखी हशा. संपलं.

दोन बंदुका, दोन बार. गावानं भागाकार केला, एकेक. दुनळी बंदुकीला दोन नळ्या असतात हे त्या चाळीस जणांतल्या एकालाही आठवलं नाही. मी म्हणतो, आठवलं होतं. पाटलांच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्यांनी ते तोंडातून काढलं नाही, एवढंच.

जखम्या म्हणजे जनावर जखमी करून सोडणारा. आमच्या भागात शिकाऱ्याला याहून वाईट नाव नाही. नेम चुकला तर माणसं थट्टा करतात आणि विसरतात. पण जखमी जनावर कुठंतरी काट्यात मरून पडलं, कोणाच्या पोटात गेलं नाही, ही गोष्ट पोराबाळांच्या देखत सांगायला लाज वाटते. मामाला हे नाव पडलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याला कोणी शेतावर बोलवेना. आधी रोज कोणीतरी दारात यायचं, 'भाऊ, आज आमच्या मुगाकडं चक्कर टाकजो.' आता तेच लोक वाट वाकडी करून जायला लागले.

मी दिवाळीला गावी गेलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. छापखान्याचं यंत्र मोडलं होतं, सुटा भाग यायला महिना लागणार होता, म्हणून मामानं मला ठेवूनच घेतलं. तो महिना मी कधी विसरणार नाही. सकाळी थंडी, अंगणात उन्हाला बसून चहा, ज्वारी निसवलेली, आणि माझ्या हाताला पहिल्यांदाच शाई लागलेली नाही.

पहिल्याच सकाळी मामीचा आवाज आला. ती दळण काढत होती.

"बापू, हे पाय! पायलं का तुह्या मामाचं काम?" तिनं सुपातून एक काडतूस चिमटीत धरून वर केलं. "गिरनीत गेलं असतं तं गिरनीवाला सोळा तुकडे होऊन वरवटच्या बजारात पडला असता."

मामा दाढी करत होता. गालावरचा फेस न पुसता म्हणाला, "कनगीत तळाशी ठेवले होते म्या. तू तळ खरडून राह्यली काय?"

"तळ खरडू नाई तं काय करू? तुमची बंदूक दळू?"

कणगीचं कारण असं की ही काडतुसं कागदाची. पावसाळ्याची दमट हवा लागली की फुगतात आणि नळीत जात नाहीत. भिंतीपाशी ठेवली की फुगली. चुलीवरच्या फळीवर ठेवायची म्हणजे घर उडवायचं. मामानं सगळं करून पाहिलं होतं. शेवटी कोरड्या ज्वारीत, फडक्यात बांधून, कणगीच्या पोटात. तिथं ती चार महिने जशीच्या तशी राहायची. फक्त फडक्याची गाठ सैल राहिली की मामीच्या सुपात यायची.

मी मामाला विचारलं, "मामा, सरकारी काडतूस खरंच कमी मारतं का?"

मामानं गालावरचा फेस पुसला. दुपारी मला शेतात घेऊन गेला. तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, एक जुना कूड पडला होता. तो बांधाला टेकवून उभा केला, त्यावर ओल्या मातीचा पातळ हात फिरवला आणि मला पावलं मोजायला लावली.

"सत्तर पावलं जाय."

सत्तर पावलांवरून त्यानं बार काढला. आम्ही जाऊन पाहिलं. एक छर्रा कुडाच्या वरच्या कोपऱ्यात, एक खाली डाव्या बाजूला. बाकीचे कुठं गेले ते बांधालाच माहीत.

"आता तीस."

तीस पावलांवरून दुसरा बार. सगळे छर्रे कुडाच्या मध्यावर, परातीत मावतील एवढ्या जागेत. मी बोटानं भोकं मोजली.

"पाय भाशा," मामा म्हणाला, "काडतुसाले पाय नसते. पायानं तूच जवळ जाशीन. विलायती असो का सरकारी, सत्तर पावलावर छर्रे खाटंएवढे पांगते आन हरीन त्याच्यातून निघून जाते. एखादा लागला तं जखमी. पाटील दुरून मारते. मानूस मोठं, वाकत नाई."

"मग हे पारावर का नाही सांगितलं?"

"कोनं इचारलं?"

जवळ जायची मामाची पद्धत पाहायला मिळाली ती त्याच आठवड्यात. हरीण माणसाला शंभर पावलांवरून ओळखतं, पण बैलाला ओळखत नाही. म्हणजे बैल चरतोय एवढंच त्याला कळतं. मामाकडं एक बांडा बैल होता, काळा-पांढरा, म्हातारपणाकडं झुकलेला. तो बाराच्या आवाजाला दचकत नसे. त्याच्या मानेखालून दोरी धरायची, त्याच्या खांद्याआड वाकायचं, आणि तो चरत चरत जाईल तसं, तिरकं तिरकं, कळपाकडं सरकायचं. सरळ गेलं की कळप उठतो. बैलानं तोंड घातलं की थांबायचं, बैल हलला की हलायचं. चार पावलं गेलं की बैलाला वाटेल तेवढा वेळ द्यायचा.

मी मामाच्या मागं होतो. माझी कंबर मोडायची वेळ आली होती. नाकाशी बैलाचा वास, कानाशी त्याचं कराकरा गवत खाणं, आणि त्याच्या पोटाखालून दिसणारे हरणांचे पाय. पुढं काय होणार ही धाकधूक नव्हती. बैलाला घाई नव्हती, मामाला नव्हती, म्हणून मलाही नव्हती. छापखान्यात माझं डोकं कायम पुढच्या ओळीत असतं. त्या सकाळी मी तासभर एकाच ओळीत होतो.

मामानं बैलाच्या पाठीवर हलकेच नळी टेकवली. बैल चघळत राहिला. एक बार. काळवीट जागच्या जागी बसला आणि उठला नाही. मी पावलं मोजली, सव्वीस.

वाटे घातले. आजांनी विचारलं, "काडतूस कोनाचं?" मामा म्हणाला, "माहं. सरकारी." मामीनं अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवलं, कारण घरातल्या चुलीवर ती शिकार शिजू देत नसे. काळा मसाला, लसूण, ज्वारीची गरम भाकर. मी किती भाकरी खाल्ल्या ते मामीनं मोजलं आणि पुढं दोन वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

आणि गाव? गावानं वाटे खाल्ले, बोटं चाटली, आणि दुसऱ्या दिवशी पारावर एक जण म्हणाला, "थे तं बैलानं मारलं. जखम्या मांगं उभा होता." मला असा राग आला की मी तिथंच भाषण सुरू करणार होतो. मामानं माझं कोपर धरून मला घरी आणलं.

इथं माझा नंबर लागतो.

यंत्र दुरुस्त झालं, मी मलकापूरला परतलो. एका निवडणुकीच्या कामातला पिवळा कागद उरला होता. मी मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत, मामाच्या बाजूनं एक पत्रक जुळवलं. सगळं लिहिलं. दोन नळ्या, दोन बार, सत्तर पावलं, तीस पावलं, न उडालेलं काडतूस. मजकूर आजही मला चांगला वाटतो. पण पत्रकाला मथळा लागतो, आणि मथळा लांबून वाचता आला पाहिजे असंही मला शिकवलेलं आहे. छापखान्यातला सगळ्यांत जाड टाइप काढून मी मथळा दिला: 'जखम्या कोण?'

वरवट बकालच्या बाजारात मी स्वतः उभं राहून ते वाटलं. लोकांनी घेतलं. मथळा वाचला. काहींनी त्यात भजी बांधून घेतली. त्या दिवसापर्यंत जखम्या हे नाव एका गावाला माहीत होतं, त्या दिवसानंतर ते आठवडी बाजाराला येणाऱ्या सगळ्या गावांना माहीत झालं. पुढच्या बाजाराला मामा बांड्या बैलाच्या खुरांना पत्री मारून घ्यायला गेला, तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगत होती, "जखम्या कोन इचारत होता ना? थो पाय, बैलवाला."

मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मामाला हे कसं विचारावं ते मला सुचेना. मामानंच विषय काढला. तो बैलाला धूत होता.

"भाशा, तू मले छापून टाकलं बे."

"मामा, मी तर तुझ्या बाजूनं..."

"हाव. बाजू आतमंदी हाय. नाव वरतं हाय."

एवढंच. रागावला नाही. मामी मात्र रागावली, आणि ती बरोबर होती. "तुह्या कागदाले कोनी सांगतलं होतं मधात बोलाले? गावात चाळीस तोंडं होती, मी एकएकीले गाठून बंद करत होती. आता तालुका कसा बंद करू?" त्या दिवशी मला भाकरी मिळाली, पण तूप मिळालं नाही.

त्यानंतर संक्रांतीच्या आसपास पाटलांची विलायती काडतुसं संपली. परदेशी माल यायचा बंद झाला होता. मलकापूरच्या दुकानदारानं हात वर केले, बुलढाण्याच्यानंही. पाटलांनाही सरकारीच घ्यावी लागली. त्यांचा हरभरा घाट्यावर आलेला, आणि कळप रोज सकाळी त्यात. पाटलांनी चार दिवस दुरून बार काढले. हरणं मान वर करायची, थोडी सरकायची, आणि पुन्हा खायला लागायची. त्यातून पाटलांनी पेटी ठेवली होती न्हाणीलगतच्या ओल्या भिंतीतल्या कोनाड्यात; उरलेली काडतुसं फुगली आणि नळीत जाईनात.

पाचव्या दिवशी सकाळी पाटील खांद्याला दुनळी अडकवून मामाच्या अंगणात आले. मी तेव्हा संक्रांतीला आलेलो होतो, ओट्यावर बसलो होतो. पाटलांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पिवळ्या कागदाचा केलेला आहे.

"छापखानेवाले इथंच हायेत वाटते."

"हाव पाटील," मामी आतूनच म्हणाली, "पन आज कागद आनला नाई त्यानं. तिळगूळ घ्या."

पाटलांनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, आणि तो पूर्ण विरघळू दिला. मग मामाला म्हणाले, "हरभऱ्याचं वाटोळं होऊन राह्यलं. काडतुसं बी दगा देऊन राह्यली."

"काडतुसं दगा नाई देत."

"बरं, नाई देत. तुह्याजोळ हायेत का चांगली?"

मामा उठला, कणगीत कोपरापर्यंत हात घातला, फडकं काढलं. एक काडतूस पाटलांच्या दुनळीत घालून पाहिलं. सर्रकन गेलं. पाटलांचे डोळे मोठे झाले.

"पन एक अट हाय," मामा म्हणाला. "बैलामांगून जावं लागन. वाकून."

पाटील पन्नाशीचे, अंगानं भरलेले, धोतर पांढरंशुभ्र. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, पण माणूस असा वाकलेला पाहिला नाही. मामा बैलाच्या डोक्याशी, मध्ये पाटील, मागं मी. बैल नेहमीसारखा निवांत. दहा पावलं गेला, थांबला आणि मुतला. बराच वेळ. सगळं पाटलांच्या वहाणेवर आणि धोतराच्या सोग्यावर.

"अरे, हलव त्याले!" पाटील दातांतून म्हणाले.

"हलवलं तं कळप उठन, पाटील. होऊ द्या त्याचं."

मी तोंडात मफलर कोंबला. पाटील हलले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो, आणि तेही छापून यावं अशी माझी इच्छा आहे: एकदा वाकल्यावर तो माणूस शेवटपर्यंत वाकलेला राहिला. दोन वेळा त्यांना बार काढायचा होता, दोन्ही वेळा मामानं मागं न पाहता नुसता हात हलवला, नाही. अठ्ठावीस पावलांवर मामानं मान डोलावली. पाटलांनी बैलाच्या पाठीवर नळी टेकवली. एक बार. एकच काळवीट, जागच्या जागी.

पाटील सरळ झाले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि हसले. लहान पोर हसतं तसं. "आयुष्यात इतक्या जवळून डोळा नोता पायला हरनाचा," ते म्हणाले. मलाही हसू आलं आणि त्याचा मला थोडा रागही आला.

वाटे पाटलांच्याच खळ्यात घातले. वीसेक माणसं जमली. आजांनी सुरी पुसली, सगळ्यांकडं पाहिलं.

"काडतूस कोनाचं?"

सगळे पाटलांकडं पाहायला लागले, कारण बंदूक पाटलांची. पाटलांनी बोटानं मामाकडं दाखवलं. "त्याचं. सरकारी."

काडतुसाचा वाटा मामासमोर ठेवला गेला. शेवटचा वाटा ठेवल्यावर आजा सुरी तशीच हातात धरून म्हणाले, "पाटील, एक राह्यलं होतं. पोळ्याच्या हाक्यात वाटे झाले नोते म्हनून म्या इचारलं नोतं. थ्या दोन बारातलं काडतूस कोनाचं?"

पाटलांनी ओल्या सोग्याकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं, आणि मटणाच्या राशीकडं पाहिलं.

"दोन्ही माहे," ते म्हणाले. "दोन्ही नळ्या म्याच सोडल्या. यानं बार काढलाच नोता."

"मंग त्या दिशी काऊन नाई सांगतलं?" मागून कोणीतरी म्हणालं.

पाटलांनी खांदे उडवले. "कोनं इचारलं?"

तेच दोन शब्द. मामा बोलला होता तेव्हा मला त्याची कीव आली होती, पाटील बोलले तेव्हा माझं डोकं भणाणलं. मी पुढं सरलो. पण मामा हसत होता. खोटं नाही, चांगलं पोट धरून हसत होता, आणि त्याचं पाहून आजा हसायला लागले, आणि मग सगळं खळं. दुसऱ्या दिवशी मामाच्या दारात तीन माणसं आली. एक गहूवाला, दोन हरभरावाले. 'भाऊ, आमच्याकडं चक्कर टाकजो.' मामीनं तिघांनाही चहा दिला, आणि तिघांनाही आधी उभं ठेवून विचारलं की ते कोणाला बोलवायला आले आहेत. नाव घेऊन सांगा, ती म्हणाली. तिघांनीही मामाचं जन्मनाव घेतलं.

गावातलं काम झालं. पण त्या खळ्यात वीस माणसं होती आणि माझी पिवळी पत्रकं पाचशे होती. वरवटच्या बाजारात, रस्त्यावर, एस. टी. च्या थांब्यावर आजही कोणी अनोळखी माणूस मामाला त्या नावानं हाक मारतो. मामा 'हाव' म्हणतो आणि पुढं जातो. तो म्हणतो, जाऊ दे. मी म्हणत नाही. पाटलांनी चाळीस माणसांसमोर खोटं सांगितलं आणि वीस माणसांसमोर मागं घेतलं. मी पाचशे कागदांवर खरं सांगितलं आणि त्यांच्यावरचं नाव अजून कोणीच मागं घेतलेलं नाही.

म्हणून तुम्हाला, वाचणाऱ्याला, मी हे सांगतो, विनंती म्हणून नव्हे. यापुढं कोणी तुमच्यासमोर म्हणालं की साधं सरकारी काडतूस मारत नाही, नुसतं जखमी करतं, तर मान डोलावू नका, हसू नका. त्याच क्षणी, चार माणसांदेखत, त्याला विचारा: किती पावलांवरून? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.